मुदत संपली, पण दार बंद होऊ दिले नाही

परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळालेली आपली मुले कागदपत्रे घेऊन आमच्याकडे येतात. गुणवत्ता असते, धास्ती असते ती व्हिसाची आणि पैशाची. अशा प्रत्येकाला आम्ही बाबासाहेबांची १९१३ ते १९२३ ही दहा वर्षे पुन्हा वाचायला सांगतो.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजी गेले. दुःख बाजूला ठेवून भीमरावांनी ४ जूनला बडोदा संस्थानाशी करार केला. शिष्यवृत्ती तीन वर्षांची, बदल्यात नोकरी दहा वर्षांची! जुलैत ते न्यूयॉर्कला पोहोचले. १९१५ साली कोलंबिया विद्यापीठाचे एम.ए. झाले. १९१६ साली जातिसंस्थेवरील निबंध तेथेच वाचला. मग लंडन गाठले. स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन, दोन्हीकडे नाव दाखल केले.

१९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धवट टाकून परतणे भाग पडले. पण निघण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळवली. वकील म्हणून आम्हाला हा प्रसंग फार मोठा वाटतो. पैसा संपला होता, हक्क मात्र त्यांनी संपू दिला नाही.

कराराप्रमाणे ते बडोद्यात रुजू झाले. तिथे जातीने त्यांना डोके टेकायलाही जागा दिली नाही. मुंबईत १९१८ ते १९२० सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पै पै साठवली. छत्रपती शाहू महाराजांनी हातभार लावला, मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिले. इकडे रमाईने संसार रेटला. १९२० साली, मुदत उलटण्याआधी, बाबासाहेब पुन्हा लंडनला हजर झाले. १९२१ ला एम.एस्सी., १९२२ ला बॅरिस्टर, १९२३ ला डी.एस्सी.!

आज ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी ठरावीक रक्कम सलग २८ दिवस खात्यात दाखवावी लागते. आपल्या वस्तीत एवढी रक्कम कोणाच्या खात्यात असते? म्हणून सरकारी शिष्यवृत्तीचे पत्र हाच आपल्या मुलांचा खरा आधार. पण केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून २०२२ साली भारतीय संस्कृती, इतिहास आणि समाज यांवरील विषय वगळले गेले. म्हणजे जातिसंस्थेवरचा तो १९१६ चा निबंध लिहायला निघालेल्या भीमरावांनाही या नियमाने दारातच अडवले असते!

तेव्हा विद्यार्थ्यांनो, अटी ओळ न ओळ वाचा, तारखा पाळा, प्रत्येक परवानगी लेखी घ्या. आणि बांधवांनो, नियम अन्यायाचा असेल तर त्याविरुद्ध लढणे हे एकट्या विद्यार्थ्याचे नव्हे, आपल्या सर्वांचे काम आहे. भथेना आणि शाहू महाराज यांच्या जागी आता आपणच उभे राहायचे आहे.

जयभीम!