सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या

मेहरूणचा तलाव पावसाळ्यांत तुडुंब भरला म्हणजे आपणां सर्वांस आनंद होतो. परंतु सांठविलेलें पाणी जितकें उपकारक, तितकेंच दुर्लक्ष झाल्यास घातक. हें सत्य राज्यकर्त्यांस पटवून देणाऱ्या एका थोर पुरुषानें उमेदवारीच्या काळांत आपल्या खानदेशांत काम केलें, ही आपणांस अभिमानाची गोष्ट होय.

विश्वेश्वरय्यांचा जन्म म्हैसूर संस्थानांत मुद्देनहळ्ळी येथें झाला. लहानपणींच पितृछत्र हरपलें. तेव्हां शिकवण्या करून त्यांनीं बंगळूर येथें विद्या संपादिली. १८८३ सालीं पुण्याच्या सायन्स कॉलेजांतून ते इंजिनियरिंगच्या परीक्षेंत पहिले आले व पुढील वर्षीं मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यांत रुजू झाले. धुळें भागांत पांझरा नदीच्या एका प्रवाहापलीकडे नळांतून पाणी नेण्याचें काम त्यांजकडे आलें. ऐन पावसाळ्यांत पुरानें अडथळे आणिले. तरी त्यांनीं तें तडीस नेलें. पुढें १९०३ सालीं खडकवासल्याच्या धरणावर पूर चढतांच आपोआप उघडणारे त्यांचे दरवाजे बसले.

सप्टेंबर १९०८ मध्यें हैदराबादेस मुसी नदीच्या महापुरांत सुमारें १५,००० माणसें दगावलीं व १९,००० घरें पडलीं. निजाम सरकारनें १९०९ सालीं विश्वेश्वरय्यांस पाचारण केलें. दैवास बोल न लावतां त्यांनीं पावसाची व नदीची मोजदाद केली. वरच्या भागांतील दोनशेंहून अधिक लहान तलाव फुटून त्यांचें पाणी पुरांत मिळालें होतें. केवळ पडलेलें शहर पुन्हां उभारणें पुरेसें नव्हतें. पूर शहराच्या वरच अडविला पाहिजे, असा त्यांनीं सल्ला दिला. संकट ओसरल्यावर खर्च करणें राज्यकर्त्यांस जड जातें. तरी त्या सरकारनें १९२० सालीं उस्मानसागर व १९२७ सालीं हिमायतसागर पुरा केला. त्याच जलाशयांनीं नगरास पिण्याचें पाणीही पुरविलें.

१९१२ पासून १९१८ पर्यंत ते म्हैसूरचे दिवाण होते. १९५५ सालीं त्यांस भारतरत्न हा बहुमान लाभला. १४ एप्रिल १९६२ रोजीं ते निवर्तले. त्याआधीं नऊच महिने, १२ जुलै १९६१ रोजीं, अपुरें असतांच भरलेलें पानशेतचें धरण फुटलें, त्या लोंढ्यानें खडकवासलाही वाहून गेला व पुणें बुडालें. एकानें शिकलेला धडा दुसऱ्यास आपोआप येत नाहीं, हेंच यावरून दिसतें.

विद्यार्थीमित्रहो, तलाव बांधावयाचा तो एकदां. राखावयाचा मात्र दरवर्षीं, पावसाळ्यापूर्वीं. राज्याचेंही तसेंच आहे.