खाशाबांचे पदक

मोठ्या माणसांच्या सह्या जमविण्याचा छंद पुष्कळांना असतो. परदेशात तर या छंदाचा बाजारच भरतो. मुष्टियोद्धा मुहम्मद अली यांची सही असलेला हातमोजा तेथे फार मोठ्या किमतीला विकला जातो. जेथे किंमत, तेथे लबाडी! १९९० च्या दशकात अमेरिकेच्या केंद्रीय पोलिसांनी खोट्या सह्यांचा धंदा करणाऱ्या टोळ्या पकडल्या. म्हणून जाणकार ग्राहक नुसती सही पाहत नाही. वस्तू कोणाच्या हातून कोणाच्या हाती आली, हे तो आधी विचारतो. हे वाचताना मला आपल्याच महाराष्ट्रातील एका पदकाची आठवण झाली. ते पदक कसे आले, याची कथा म्हणजेच कै. खाशाबा जाधव यांचे चरित्र होय.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळील गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील दादासाहेब स्वतः पहिलवान. कुस्तीचे पहिले धडे घरीच मिळाले. कराडच्या टिळक हायस्कूलमधून ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले. अंगकाठी लहान, त्यामुळे त्यांना कुस्तीच्या स्पर्धेत घेण्यास क्रीडाशिक्षक तयार नव्हते, असे सांगतात. प्राचार्य खर्डीकरांनी परवानगी दिली आणि या लहानखुऱ्या मुलाने भल्याभल्यांना आस्मान दाखविले.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते गेले. तांबड्या मातीत वाढलेला हा मल्ल तेथे गादीवर लढला आणि सहावा आला. दुसरा एखादा यावर समाधान मानून बसला असता. खाशाबांनी मात्र चार वर्षे कसून मेहनत केली.

१९५२ मध्ये हेलसिंकीला जायचे ठरले, पण पैसा कोठून आणणार? गावकऱ्यांनी वर्गणी काढली. तीही पुरेना, तेव्हा खर्डीकरांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. मित्रहो, आपल्या विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणारा प्राचार्य! त्या काळी सात हजार म्हणजे लहान रक्कम नव्हती.

हेलसिंकीत ५७ किलो वजनगटात खाशाबांनी कॅनडा व मेक्सिकोच्या मल्लांना चीत केले. पुढे जपानच्या इशी याच्याशी दीर्घकाळ झुंज होऊन हार झाली. दमलेल्या खाशाबांना पुरती विश्रांती न देता सोव्हिएत मल्लाशी लढविले गेले. नियमावर बोट ठेवायला आपला एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगतात. तरीही कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे वैयक्तिक खेळातील ते पहिले ऑलिंपिक पदक! त्यानंतरच्या वैयक्तिक पदकासाठी देशाला १९९६ पर्यंत वाट पाहावी लागली. तेव्हा पदक गळ्यात घालत नसत, हातात देत. १९२८ ते १९६८ पर्यंत उन्हाळी ऑलिंपिकच्या बहुतेक पदकांवर विजयदेवतेचे तेच चित्र असे. बदलत असे ते मुख्यतः यजमान शहराचे नाव व साल.

गावी शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. खाशाबांनी मिरवणुकीनंतर काय केले? कुस्त्यांचे फड भरवून पैसे जमविले आणि खर्डीकरांचे घर सोडविले.

१९५५ मध्ये ते पोलिस खात्यात उपनिरीक्षक झाले. गुडघ्याच्या दुखापतीने पुढचे ऑलिंपिक हुकले. निवृत्तीनंतर निवांतपणा फार काळ लाभला नाही. १४ ऑगस्ट १९८४ रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, अपघातात त्यांचे निधन झाले.

याच हेलसिंकीत स्वीडनचा मुष्टियोद्धा इंगेमार योहान्सन अंतिम फेरीत लढतच नाही म्हणून बाद ठरला. त्याचे अडविलेले रौप्यपदक त्याला १९८२ मध्ये मिळाले. खाशाबांचे उलट झाले. पदक वेळेवर मिळाले, मान मात्र उशिरा! अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीच्या क्रीडागाराला त्यांचे नाव होते. पण गोळेश्वरची कुस्ती अकादमी रखडली, म्हणून २०१७ मध्ये त्यांच्या चिरंजीवांनी हे पदक लिलावात काढण्याची तयारी जाहीर केली. ज्या पदकासाठी एकदा घर गहाण पडले, तेच पदक विकायला काढण्याची पाळी यावी!

संग्राहक त्या पदकाची परीक्षा करील तेव्हा धातू पाहील, वजन पाहील, घरातल्यांची साक्ष घेईल. पण त्यावरचा खरा शिक्का खर्डीकरांच्या गहाणखताचा आहे, गोळेश्वरच्या वर्गणीचा आहे.

हे मला का जाणवते? आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला. प्रवेशअर्जावर माझी सही आहे आणि तिच्याखाली पालक म्हणून बाबांचा अंगठा. त्या वर्षी फीसाठी घरचे धान भाव येण्याआधीच विकले गेले. उद्या माझ्या हाती पदवी आली, तर सही कुलगुरूंची असेल. पण ती खरी ठरविणारी खूण तो अंगठाच. खाशाबांनी आधी घर सोडविले. आपल्यालाही आपापले घर सोडवायचे आहे, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.