गे-ल्युसॅक: फुग्यातून ७ किलोमीटर वर जाऊन दहावी-अकरावीची गणितं जगणारा माणूस

आता गणित अडलं की आपण काय करतो? फोटो काढतो, अ‍ॅपमध्ये टाकतो, दोन सेकंदांत उत्तर येतं. त्यात काही गैर नाही, मीही कोड अडला की सर्च करतोच. पण माझा दहावीतला मावसभाऊ व्हॉट्सअ‍ॅपवर मला जे प्रश्न पाठवतो ते बघून एक गोष्ट लक्षात आली. उत्तर त्याच्याकडे आधीच असतं. त्याला विचारायचं असतं की तापमानात २७३ का मिळवायचे? ग्लुकोजच्या समीकरणात बरोबर २ रेणूच का? आणि वर्तुळाचं ते स्पर्शिकेचं प्रमेय कुठे वापरतात?

तीन प्रश्न, तीन वेगळी पुस्तकं. पण तिन्ही प्रश्नांना जोडणारा एक माणूस आहे: फ्रेंच शास्त्रज्ञ जोसेफ लुई गे-ल्युसॅक. पुस्तकात त्याचं नाव एका नियमापुरतं येतं आणि आपण पान उलटतो. आज त्याची गोष्ट बघू, आणि जाता जाता तीन गणितंही सोडवू.

वकिलाचा मुलगा ते प्रयोगशाळा

गे-ल्युसॅकचा जन्म ६ डिसेंबर १७७८ ला फ्रान्समधल्या सेंट-लिओनार्ड या छोट्या गावात झाला. आडनाव खरं तर नुसतं गे. ल्युसॅक हे त्यांच्या कुटुंबाच्या मालमत्तेचं नाव, ते पुढे जोडलं गेलं. वडील वकील आणि सरकारी अधिकारी होते. तो दहा वर्षांचा असताना फ्रेंच राज्यक्रांती सुरू झाली आणि पुढे वडिलांना अटकही झाली. म्हणजे घरचं वातावरण अभ्यासाला पोषक वगैरे अजिबात नव्हतं.

तरी १७९७ मध्ये त्याला पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश मिळाला. हे तेव्हाचं नवंकोरं इंजिनिअरिंग कॉलेज. तिथे भूमिती आणि रसायनशास्त्र दोन्ही कसून शिकवायचे. नंतर रसायनशास्त्रज्ञ बर्थोले याने त्याला हाताखाली घेतलं आणि गाडी रुळावर लागली.

२७३ आले कुठून?

१८०२ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, गे-ल्युसॅकने एक साधा वाटणारा प्रयोग केला. वायू तापवला की फुगतो हे सगळ्यांना माहीत होतं. पण किती फुगतो? आधी अनेकांनी मोजलं होतं आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा यायचा. एक मोठं कारण म्हणजे ओलावा. भांड्यात पाण्याचा थेंब राहिला तर तापल्यावर त्याची वाफ होते आणि वायू आहे त्यापेक्षा जास्त फुगल्यासारखा दिसतो. आमच्या भाषेत सांगायचं तर इनपुट डेटाच घाण होता.

त्याने वायू नीट कोरडे करून घेतले. हवा, ऑक्सिजन, हायड्रोजन, नायट्रोजन असे वेगवेगळे वायू वितळणाऱ्या बर्फाच्या तापमानापासून उकळत्या पाण्याच्या तापमानापर्यंत तापवले. निष्कर्ष असा की वायू कोणताही असो, फुगण्याचं प्रमाण सारखंच. ० अंशाला १०० भाग असलेला वायू १०० अंशाला १३७.५ भाग होतो. म्हणजे दर अंशाला, ० अंशाच्या आकारमानाच्या साधारण १/२६७ इतकी वाढ. पुढे अधिक अचूक मोजमापं झाली आणि तो आकडा १/२७३ वर स्थिरावला.

आता उलटा विचार करा. दर अंशाला १/२७३ वाढ, तर थंड करताना दर अंशाला १/२७३ घट. मग उणे २७३ अंशाला कागदावर आकारमान शून्य होतं. त्याच्या खाली जाता येत नाही, म्हणून मोजणी तिथून सुरू करायची. केल्विन मोजपट्टीचा शून्य तो हाच. सेल्सिअसमध्ये २७३ मिळवले की आकारमान आणि निरपेक्ष तापमान थेट समप्रमाणात येतात. सूत्रातला हा आकडा कोणीतरी भांडी कोरडी करून करून मोजलेला आहे.

इथे एक गोष्ट मला फार आवडते. हाच परिणाम साधारण १७८७ च्या सुमारास जाक चार्ल्स याला दिसला होता, पण त्याने तो छापलाच नव्हता. गे-ल्युसॅकने आपल्या निबंधात चार्ल्सचं नाव घेतलं. खरं तर गप्प बसला असता तर फारसं कोणाला कळलंही नसतं. आज पुस्तकात त्याला चार्ल्सचा नियम म्हणतात तो या प्रामाणिकपणामुळे. दुसऱ्याचा कोड उचलून आपलं नाव टाकणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

१६ सप्टेंबर १८०४: एकटाच वर

प्रश्न असा होता की खूप उंचावरची हवा खालच्या हवेसारखीच असते का? आणि पृथ्वीचं चुंबकत्व वर कमी होतं का? उत्तर हवं तर वर जायला हवं. २४ ऑगस्ट १८०४ ला गे-ल्युसॅक आणि त्याचा मित्र बिओ हायड्रोजनच्या फुग्यातून सुमारे ४ किलोमीटर वर गेले. ते पुरेसं वाटलं नाही. मग १६ सप्टेंबरला वजन कमी करण्यासाठी गे-ल्युसॅक एकटाच निघाला.

तो पोहोचला ७०१६ मीटरवर. ऑक्सिजन सिलिंडर नाही, काही नाही. श्वास लागत होता, नाडी जोरात चालली होती, घसा इतका कोरडा पडला की पावाचा घास गिळणं अवघड झालं. तरी पठ्ठ्या रीडिंग घेतच होता. साडेसहा किलोमीटरच्या वर त्याने निर्वात केलेल्या काचेच्या भांड्यांत हवा भरून घेतली. पॅरिसला परतल्यावर तपासलं तर ऑक्सिजनचं प्रमाण जमिनीवरच्या इतकंच निघालं. त्याचा उंचीचा विक्रम जवळजवळ अर्धं शतक टिकला.

चला, त्याच्याच आकड्यांवर गणित करू.

गणित १ (वायू): जमिनीवर पाऱ्याचा दाब ७६.५ सेंमी, तापमान सुमारे २८ अंश. वर दाब ३२.९ सेंमी, तापमान उणे ९.५ अंश. जमिनीवरचा १ लिटर हायड्रोजन वर किती होईल?

पहिली पायरी, तापमान केल्विनमध्ये: २८ + २७३ = ३०१, आणि २७३ − ९.५ = २६३.५.
दुसरी पायरी, दाबामुळे होणारा बदल: ७६.५ ÷ ३२.९ = २.३३ पट. दाब कमी झाला, म्हणून वाढ.
तिसरी पायरी, तापमानामुळे होणारा बदल: २६३.५ ÷ ३०१ = ०.८७५ पट. थंड झाला, म्हणून घट.
उत्तर: २.३३ × ०.८७५ = सुमारे २.०४ लिटर.

म्हणजे जवळजवळ दुप्पट! आता लक्षात येईल की असा फुगा खालून गच्च भरून तोंड बांधून का सोडत नाहीत. वर जाता जाता तो फाटेल. जास्तीचा वायू बाहेर जायला वाट ठेवावीच लागते.

गणित २ (भूमिती): ७ किलोमीटर उंचीवरून क्षितिज किती लांब दिसेल?

इथे येतं दहावीच्या वर्तुळ प्रकरणातलं स्पर्शिका-छेदिका प्रमेय. पृथ्वी म्हणजे वर्तुळ. फुगा म्हणजे बाहेरचा बिंदू. नजर जिथे पृथ्वीला टेकते ती रेषा स्पर्शिका. आणि फुग्यापासून पृथ्वीच्या केंद्रातून आरपार जाणारी रेषा ही छेदिका.

स्पर्शिकेचा वर्ग = छेदिकेचा बाहेरचा भाग × पूर्ण छेदिका.
बाहेरचा भाग ७ किमी. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किमी, म्हणून पूर्ण छेदिका १२,७४९ किमी.
७ × १२,७४९ = ८९,२४३. वर्गमूळ सुमारे २९९.

म्हणजे हवा स्वच्छ असेल तर जवळजवळ ३०० किलोमीटरपर्यंत! चार ओळींत. आणि पुस्तकातली आकृती आहे तशीच, फक्त वर्तुळ जरा मोठं आहे.

फोनमधला बॅरोमीटर काय म्हणाला असता?

अनेक स्मार्टफोनमध्ये हवेचा दाब मोजणारा छोटा सेन्सर असतो. तुम्ही कितव्या मजल्यावर आहात याचा अंदाज फोन त्यावरून लावू शकतो, कारण जमिनीजवळ साधारण ८ मीटर वर गेलं की दाब १ हेक्टोपास्कलने कमी होतो. गे-ल्युसॅकच्या खिशात असा फोन असता तर शिखरावर सुमारे ४३८ हेक्टोपास्कल दिसलं असतं.

गंमत पुढे आहे. हा आकडा नेहमीच्या प्रमाण सूत्रात टाकला तर उंची येते सुमारे ६,५०० मीटर. मग ७०१६ कुठून आले? प्रमाण सूत्र समुद्रसपाटीला तापमान १५ अंश धरतं. त्या दिवशी खाली जवळजवळ २८ अंश होते. गरम हवा जास्त फुगलेली असते, म्हणून तेवढाच दाब कमी व्हायला जास्त उंच जावं लागतं. गे-ल्युसॅकच्या हिशोबात खालचं आणि वरचं तापमान धरलेलं होतं, म्हणून त्याचा आकडा ५०० मीटरने वेगळा. अ‍ॅप चुकलेलं नाही. त्याने काय गृहीत धरलं होतं ते फक्त आपण विचारलं नाही.

साखरेचं गणित

१८०५ मध्ये त्याने हम्बोल्टबरोबर तपासलं की २ आकारमान हायड्रोजन आणि १ आकारमान ऑक्सिजन मिळून पाणी होतं. मग इतर वायू तपासले. १ आकारमान नायट्रोजन आणि ३ हायड्रोजन मिळून २ अमोनिया. सगळीकडे लहान पूर्णांक. १८०८ च्या शेवटी त्याने हा नियम मांडला. अणुसिद्धांतवाल्या डाल्टनला तो पटला नाही. १८११ मध्ये अ‍ॅव्होगाड्रोने त्याचा अर्थ लावला: सारख्या दाबाला आणि तापमानाला, सारख्या आकारमानात सारखेच रेणू.

हे सगळं फुकटात झालं नाही. १८०८ मध्येच पोटॅशियमवर काम करताना स्फोट झाला आणि त्याच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. तरी त्याने काम सोडलं नाही. त्याच सुमारास त्याला कापडाच्या दुकानात काम करणारी एक मुलगी भेटली, जी गिऱ्हाईक नसताना रसायनशास्त्राचं पुस्तक वाचायची. १८०९ मध्ये दोघांनी लग्न केलं.

१८११ मध्ये थेनार या सहकाऱ्याबरोबर त्याने साखर, स्टार्च, लाकूड जाळून त्यातली मूलद्रव्यं मोजली. या पदार्थांत हायड्रोजन आणि ऑक्सिजन पाण्यात असतात त्याच प्रमाणात सापडले. कर्बोदक म्हणजे कार्बन अधिक उदक, हे नाव या प्रमाणावरूनच आलं. पण सावध राहा, हे नुसतं प्रमाण आहे. साखरेत पाणी भरून ठेवलेलं नसतं. व्हिनेगरमधल्या अ‍ॅसेटिक आम्लातही तेच प्रमाण आहे, पण ते कर्बोदक नाही.

१८१५ मध्ये त्याने किण्वनाचा हिशोब मांडला: साखरेच्या वजनाचा साधारण ५१ टक्के भाग अल्कोहोल होतो आणि ४९ टक्के कार्बन डायऑक्साइड. आजच्या समीकरणात १ रेणू ग्लुकोजपासून २ रेणू अल्कोहोल आणि २ रेणू कार्बन डायऑक्साइड मिळतात. दोनच का? ग्लुकोजमध्ये कार्बन ६. अल्कोहोलच्या रेणूत २, दोन रेणूंचे ४. उरले २ कार्बन, म्हणून कार्बन डायऑक्साइडचेही २ रेणू. हायड्रोजन आणि ऑक्सिजन मोजून बघा, तेही जुळतात.

गणित ३ (कर्बोदके आणि वायू): ९० ग्रॅम ग्लुकोज पूर्ण आंबवलं तर २७ अंशाला, १ वातावरण दाबाला किती लिटर वायू निघेल?

१८० ग्रॅम म्हणजे १ मोल, म्हणून ९० ग्रॅम म्हणजे अर्धा मोल.
अर्ध्या मोलपासून १ मोल अल्कोहोल (४६ ग्रॅम) आणि १ मोल कार्बन डायऑक्साइड (४४ ग्रॅम). ४६ + ४४ = ९०, वजन जुळलं.
० अंशाला १ मोल वायू म्हणजे २२.४ लिटर. २७ अंशाला: २२.४ × ३०० ÷ २७३ = सुमारे २४.६ लिटर.

बघा, साखरेच्या गणितात १८०२ चे २७३ परत आले! पुढे पाश्चरने दाखवलं की किण्वनात ग्लिसरॉलसारखे थोडे इतर पदार्थही बनतात. म्हणजे समीकरण हा मुख्य हिशोब आहे, पूर्ण यादी नाही.

शेवटची वर्षं

पुढे त्याने मोजण्याची साधनं लोकांच्या हातात दिली. १८२४ मध्ये फ्रान्स सरकारने त्याचं अल्कोहोलमापक स्वीकारलं. द्रवात आकारमानानुसार किती टक्के अल्कोहोल आहे हे ते थेट दाखवायचं. सॅनिटायझरच्या बाटलीवर टक्के छापतात, तीच पद्धत. पिपेट आणि ब्युरेट ही नावं त्याच्यामुळे रूढ झाली. १८३२ मध्ये त्याने नाणी बनवण्याच्या चांदीची शुद्धता मिठाच्या द्रावणाने तपासायची अचूक रीत दिली. ९ मे १८५० ला पॅरिसमध्ये तो गेला. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत त्याचंही नाव आहे.

आता मावसभावाला मी सांगतो ते तुम्हालाही सांगतो. अ‍ॅपने दिलेलं उत्तर बघा, पण वहीत उतरवण्याआधी तीन गोष्टी तपासा. तापमान केल्विनमध्ये आहे का? दोन्ही बाजूंचं वजन जुळतं का? आणि उत्तर वाढायला हवं होतं की कमी व्हायला? एवढं तपासायला एक मिनिट लागतं, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये फोन बाहेरच ठेवायचा असतो.