आर्सचे फादर व्हियानी



४ ऑगस्ट हा संत जॉन मेरी व्हियानी ह्यांचा सण. आम्हा धर्मगुरूंचे ते आश्रयदाते संत. पण आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना करायला सांगितले की मला कुठे बोलता येते म्हणून मागे सरणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांनी तर हे चरित्र जरूर वाचावे.

फ्रान्समधील लियोन शहराजवळ दार्दिली येथे १७८६ साली एका शेतकऱ्याच्या घरी जॉनचा जन्म झाला. राज्यक्रांतीच्या धामधुमीत शाळा फारशी झालीच नाही. पुढे लॅटिनने त्यांना रडवले. परीक्षेत उत्तरे देता येईनात, म्हणून सेमिनरीतून त्यांना परत पाठवण्यात आले. एक्युलीच्या फादर बाले ह्यांनी त्यांची बाजू लावून धरली, तेव्हा कुठे १८१५ साली, वयाच्या २९ व्या वर्षी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. तरीसुद्धा पापनिवेदन ऐकण्याची परवानगी लगेच दिली गेली नाही!

१८१८ साली त्यांना आर्स ह्या जेमतेम अडीचशे वस्तीच्या खेड्यात नेमले. प्रवचन ते रात्र रात्र जागून लिहीत, पाठ करीत आणि ऐन वेळी विसरत. उजाडण्यापूर्वीच ते पवित्र साक्रामेंतापुढे गुडघे टेकून आपल्या लोकांसाठी विनवणी करीत. हळूहळू गाव बदलले. मग बाहेरून लोक येऊ लागले, वर्षाला हजारोंच्या संख्येने. फादर दिवसाचे बारा, कधी सोळा तास पापनिवेदन ऐकत. लोकांना ते हलके प्रायश्चित्त देत आणि उरलेले स्वतः करीत. कोणी बरा झाला, तर श्रेय संत फिलोमिनाला देऊन मोकळे होत. हा अडाणी माणूस लोकांना काय मार्गदर्शन करणार, अशी तक्रार काही धर्मगुरूंनी लिहिली. तो कागद त्यांच्या हाती पडला, तेव्हा त्यांनी खाली आपलीही सही केली.

एवढे असूनही ह्या संताने आर्समधून पळून जाण्याचा प्रयत्न एकदा नव्हे, अनेकदा केला. आपण ह्या कामाला नालायक आहोत, कुठेतरी एकांतात जाऊन आपल्या पापांसाठी रडावे, असे त्यांना वाटे. १८४३ साली ते दार्दिलीला भावाच्या घरी गेले, तर लोक त्यांच्या मागोमाग तिथे पोहोचले! १८५३ साली रात्री निघाले, तेव्हा गावकऱ्यांनी चर्चची घंटा वाजवून त्यांना अडवले. चरित्रकार ह्याला नम्रता म्हणतात. माझ्या मते हा मोहच होता. मी समर्थ आहे म्हणणारा स्वतःकडे पाहतो, तसा मी नालायक आहे म्हणत बसणाराही स्वतःकडेच पाहतो. देवाकडे दोघांचीही पाठ. दार ठोठावणाऱ्या माणसाला फादर व्हियानींच्या योग्यतेशी काय देणेघेणे? त्याला देवाची क्षमा हवी होती, आणि ती देवाची होती.

प्रत्येक वेळी ते परत आले आणि पुन्हा त्या लाकडी खुर्चीत बसले. १८५९ च्या जुलैअखेरीस कडक उन्हाळ्यात ते कोसळले. तरी लोक येतच राहिले आणि अंथरुणावरूनच त्यांनी काहींचे पापनिवेदन ऐकले. ४ ऑगस्टच्या पहाटे त्यांनी डोळे मिटले.