सुरांआडची उपासमार

४ फेब्रुवारी १९८३ ची सकाळ. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील डाउनी या शहरात आईवडिलांच्या घरी मुक्कामाला आलेली कॅरन कार्पेंटर आईला निपचित पडलेली आढळली. तातडीने रुग्णालयात हलवूनही उपयोग झाला नाही. हृदयक्रिया बंद पडून तिचे निधन झाले. तिला तेहतीस वर्षे पूर्ण व्हायला महिनाही उरला नव्हता. ‘द कार्पेंटर्स’ या भावाबहिणीच्या जोडीच्या ध्वनिमुद्रिका जगभर कोट्यवधींनी खपल्या होत्या. कशाचीही ददात नसलेली ही गायिका अन्नाविना खंगत गेली, हे कोडे तिच्या चाहत्यांना उलगडेना. ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ या आजाराचे नाव असंख्य घरांत पोहोचले ते तिच्या मृत्यूच्या बातमीमुळे.

कॅरनचा जन्म २ मार्च १९५० रोजी कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथे झाला. थोरला भाऊ रिचर्ड पियानोवर विलक्षण हुकूमत असलेला. त्याच्या संगीताला वाव मिळावा, हाही एक हेतू ठेवून १९६३ मध्ये कुटुंबाने डाउनीला स्थलांतर केले. शाळेतला व्यायामाचा तास चुकवण्यासाठी कॅरन वाद्यवृंदात शिरली आणि तिथे ड्रम्सच्या प्रेमात पडली. मुलींनी ड्रम्स वाजवणे हे त्या काळी अप्रूपच होते. परंतु काही महिन्यांतच तिने त्यावर प्रभुत्व मिळवले. १९६६ मध्ये हॉलीवूड बोल येथील वाद्यवृंदांच्या स्पर्धेत भावाबहिणीच्या त्रयीने बाजी मारली, तेव्हा ती अवघी सोळा वर्षांची होती.

पुढच्याच वर्षी तिने डॉक्टरांच्या सल्ल्याने आहारनियमन सुरू केले. ती थोडी गुटगुटीत होती इतकेच. वजन उतरले, कौतुकही झाले. सतराव्या वर्षी मुलीने बारीक होण्याचा ध्यास घ्यावा, यात कोणालाच वावगे वाटले नाही. तो आजार नव्हता. मात्र वजनाचा काटा आणि स्वतःची किंमत यांची सांगड त्या कोवळ्या वयात एकदा बसली की ती सहजी सुटत नाही. कॅरनच्या आयुष्यात ती पुढे अधिकच घट्ट होत गेली.

१९६९ मध्ये ए अँड एम या ध्वनिमुद्रण कंपनीशी करार झाला. १९७० मध्ये ‘क्लोज टू यू’ हे गीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. पाठोपाठ ग्रॅमी पुरस्कार आले. १९७३ मध्ये व्हाइट हाऊसमध्ये गाण्याचा मान मिळाला. कॅरन स्वतःला आधी ड्रमवादक मानत असे. पण ड्रम्सच्या आड ती दिसत नाही, ही तक्रार वाढली आणि तिला रंगमंचाच्या मध्यभागी येऊन उभे राहावे लागले. वाद्याची ती ओट सुटली आणि हजारो नजरांसमोर उरला तो केवळ देह. त्याच सुमारास एका कार्यक्रमातील स्वतःचे छायाचित्र तिला खटकले आणि वजन घटवण्याचे खूळ पुन्हा डोक्यात शिरले. या वेळी मात्र त्याला थांबा नव्हता.

१९७५ पर्यंत तिची प्रकृती इतकी ढासळली की युरोप व जपानचे दौरे रद्द करावे लागले. अतिश्रमामुळे आलेला थकवा, असे कारण पुढे करण्यात आले. ताटातले अन्न इतरांना वाटून टाकणे, सैल कपड्यांत अंग झाकणे, गरज नसलेली औषधे चोरून घेणे, हे सारे ती करत होती. घरच्यांना काळजी होती, रागही होता. नीट खा, असे ते पुनःपुन्हा विनवत. जेवायला लागली की सारे ठीक होईल, ही समजूत प्रेमापोटीच होती, पण ती चुकीची होती.

वास्तविक हा आजार वैद्यकशास्त्राला नवा नव्हता. लंडनचे सर विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग यांनी १८७३ मध्येच त्याचे स्वतंत्रपणे वर्णन केले होते. परंतु शंभर वर्षांनंतरही सर्वसामान्यांच्या लेखी ते श्रीमंत मुलींचे नखरे होते. कॅरनही आजार मान्य करत नव्हती. १९८१ मध्ये बीबीसीच्या मुलाखतीत थेट प्रश्न विचारला गेला असता तिने तो साफ नाकारला.

दरम्यान आयुष्यातील इतर आधारही निसटत होते. १९७९ मध्ये रिचर्ड व्यसनमुक्तीसाठी उपचार घेत असताना तिने स्वतंत्र अल्बम केला. तो कंपनीने बासनात गुंडाळला. तो प्रकाशात आला १९९६ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी. १९८० मध्ये झालेला विवाह वर्षभरातच विस्कटला.

१९८२ मध्ये तिने न्यूयॉर्क गाठून मानसोपचारतज्ज्ञ स्टीव्हन लेव्हनक्रॉन यांच्याकडे उपचार सुरू केले. शरद ऋतूत रुग्णालयात शिरेवाटे पोषण देऊन तिचे वजन झपाट्याने वाढवण्यात आले. नोव्हेंबरमध्ये ती घरी परतली, ती बरी झाल्याच्या समजुतीने. डिसेंबरात एका शाळेत तिने मुलांसमोर नाताळची गीते गायिली. श्रोत्यांसमोरचे तिचे ते अखेरचे गाणे. वजन वाढणे म्हणजे आजार बरा होणे नव्हे, हे सात आठवड्यांनी कळून चुकले. वर्षानुवर्षांच्या उपासमारीने हृदयाचे स्नायू दुबळे होतात, रक्तातील क्षारांचा तोल जातो. बाहेरून सावरलेल्या देहातही हा धोका दडलेला असतो.

आज या आजाराकडे पाहण्याची दृष्टी बदलली आहे. तो हट्ट नव्हे, फॅशनही नव्हे. आनुवंशिकता, स्वभाव आणि परिस्थिती यांच्या गुंतागुंतीतून तो उद्भवतो आणि बहुधा पौगंडावस्थेत डोके वर काढतो. मुलगेही त्यातून सुटत नाहीत. शिस्तप्रिय, हुशार, कोणालाही न दुखावणाऱ्या मुलांमध्ये तो दीर्घकाळ लपून राहू शकतो, कारण अशा मुलांची कोणाला काळजी वाटत नाही. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात १९८० च्या दशकात विकसित झालेल्या उपचारपद्धतीने पालकांना आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढले आणि उपचारातील भागीदार केले. किशोरवयीन रुग्णांसाठी तीच पद्धत आज प्रथम सुचवली जाते. सोबत जेवणे टाळणारे, आरशासमोर खिन्न होणारे, दिवसेंदिवस अबोल होत जाणारे मूल वेळीच डॉक्टर व मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत पोहोचले, तर ते पूर्ण बरे होऊ शकते.

कॅरनच्या वाट्याला ती समज आली नाही. तिचा आवाज ऐकायला साऱ्या जगाने कान टवकारले होते. तिचे मौन मात्र फार उशिरा ऐकले गेले.