डॉ. मारिया माँटेसरी : अड्यारचे पर्व

१९३९ च्या अखेरीस मद्रासच्या, म्हणजेच आजच्या चेन्नईच्या, अड्यार भागात देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून तीनशेहून अधिक शिक्षक व शिक्षणप्रेमी एकत्र आले. थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवारात एकोणसत्तर वर्षांच्या एका इटालियन विदुषी त्यांना शिकवणार होत्या. लहान मुलांना सांभाळणे हेही एक शास्त्र आहे, हे ज्यांनी जगाला पटवून दिले, त्या डॉ. मारिया माँटेसरी.

३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील क्याराव्हाले गावी त्यांचा जन्म झाला. १८९६ मध्ये रोम विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या. मतिमंद मुलांवर उपचार करताना त्यांना जाणवले, की या मुलांना औषधापेक्षा योग्य शिक्षणाची निकड अधिक आहे.

रोमच्या सान लोरेन्झो या कष्टकरी वस्तीत आईबाप कामावर गेले, की मुले दिवसभर जिन्यांवर हुंदडत व भिंती खराब करीत. चाळींच्या मालकसंस्थेला ही मुले सांभाळणारे कोणी हवे होते. माँटेसरींनी ते काम स्वीकारले आणि ६ जानेवारी १९०७ रोजी पहिले बालगृह उघडले. मुलांकडून शुल्क नव्हते, मात्र नियम होते. मुलाला स्वच्छ करून पाठवणे आणि संचालिकेशी सहकार्य करणे आईवर बंधनकारक होते. संचालिका त्याच इमारतीत राहत असे. मुलांच्या उंचीची मेजे व खुर्च्या आल्या, साहित्य हाताशी आले आणि उनाड ठरलेली मुले तासन्‌तास एकाग्रतेने काम करू लागली. मूल बदलण्यापूर्वी त्याचे भोवताल व त्याला सांभाळणाऱ्याची दृष्टी बदलावी लागते, हा धडा त्यांनी येथून घेतला.

अड्यारमध्ये त्या इटालियनमधून बोलत आणि पुत्र मारिओ इंग्रजीत अनुवाद करीत. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली. शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून मारिओंना अहमदनगरच्या छावणीत डांबण्यात आले आणि माँटेसरींवर सोसायटीच्या आवाराबाहेर न जाण्याचे बंधन आले. माता मद्रासेत, पुत्र नगरच्या छावणीत! त्यांच्या सत्तराव्या वाढदिवशी सरकारने मारिओंची मुक्तता केली. पुढे १९४६ पर्यंत त्या भारतात राहिल्या. या काळात एक हजारांहून अधिक शिक्षकांनी त्यांचे प्रशिक्षण घेतले.

महाराष्ट्रात हा विचार ताराबाई मोडकांनी त्याआधीच रुजवला होता. महागडी साधने खेड्यात परवडणार नाहीत, हे ओळखून १९४५ मध्ये बोर्डी येथे अनुताई वाघांच्या साथीने त्यांनी बालवाडीला देशी, अल्पखर्ची रूप दिले. मूल बालवाडीत येत नसेल, तर बालवाडीने त्याच्या अंगणात जावे, या कल्पनेतून अंगणवाडी जन्मली.

६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये माँटेसरींचे निधन झाले. कामावर जाणारी आई आजही आपले मूल विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपवते. ते हात शिकलेले असावेत, ही त्यांची शिकवण मुलांना सांभाळणाऱ्या प्रत्येकासाठी आहे.