मधल्या सुट्टीची रसायनशास्त्रज्ञ

जुन्या पाककृती-पुस्तिकांविषयी अमेरिकेत अनेकांना मोठा जिव्हाळा वाटतो. बेकिंग पावडर किंवा जिलेटिन विकणाऱ्या कंपन्यांनी एकेकाळी फुकट वाटलेल्या, आता पिवळ्या पडलेल्या या पुस्तिका कित्येक घरांत आजीच्या चीजवस्तूंसोबत जपून ठेवलेल्या आढळतात. त्या चाळताना शाळेतल्या मधल्या सुट्टीचीही आठवण निघते. वाफाळते सूप, दुधाचा पेला, कागदात गुंडाळलेले सँडविच. या आठवणींच्या पूर्वपीठिकेत डोकावले तर एका विदुषीचे नाव ठळकपणे समोर येते. स्वयंपाकाचे शास्त्र छापील पत्रकांतून घरोघरी पोहोचवणाऱ्या आणि शाळकरी मुलांच्या जेवणाची जबाबदारी प्रथम अंगावर घेणाऱ्या मोजक्या मंडळींत त्यांची गणना होते. त्या होत्या रसायनशास्त्रज्ञ एलन स्वॉलो रिचर्ड्स.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील डन्स्टेबल या खेड्यात ३ डिसेंबर १८४२ रोजी एलन यांचा जन्म झाला. आईवडील दोघेही शिक्षक. त्यांचे हे एकुलते एक अपत्य. सुरुवातीचे शिक्षण घरीच झाले. पुढे मुलीच्या शिक्षणासाठी कुटुंब वेस्टफर्डला आले आणि वडिलांनी तेथे दुकान थाटले. एलन यांनी दुकान सांभाळले, आजारी आईची शुश्रूषा केली, शिकवण्या घेतल्या, लोकांच्या घरी स्वयंपाक आणि साफसफाईही केली. अशा रीतीने पैपैसा जोडून जमलेल्या ३०० डॉलरच्या बळावर १८६८ मध्ये त्या व्हासार महाविद्यालयात दाखल झाल्या. तेव्हा त्यांचे वय पंचविशीचे होते. विख्यात खगोलशास्त्रज्ञ मरिया मिचेल यांचे मार्गदर्शन त्यांना तेथे लाभले. पण मन रमले ते रसायनशास्त्रात.

पदवीनंतर १८७० च्या अखेरीस बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजेच आजच्या एमआयटीने, त्यांना प्रवेश दिला. तोवर तेथे एकाही स्त्रीने पाऊल ठेवले नव्हते. त्यांच्याकडून शुल्क घेतले गेले नाही. ही आपल्या गरिबीची कदर आहे, असे एलन यांना प्रथम वाटले. खरे कारण नंतर कळले. कोणी आक्षेप घेतलाच, तर ही बाई आमची विद्यार्थिनीच नाही, असे सांगण्याची सोय संस्थेने करून ठेवली होती! एलन यांनी हा अपमान गिळला. प्रयोगशाळा झाडणे, सहकाऱ्यांच्या कपड्यांना टाके घालणे अशी कामेही त्यांनी खुशीने केली. आपल्या वावराने कोणाचे काही बिघडत नाही, उलट मदतच होते, हे दिसले की पुढच्या मुलींसाठी दार उघडेल, असा त्यांचा हिशेब होता. १८७३ मध्ये त्या संस्थेच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. त्यांची योग्यता असूनही संस्थेने त्यांना डॉक्टरेट मात्र कधीच दिली नाही.

१८७५ मध्ये खाणकामशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट रिचर्ड्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पतीने त्यांच्या कामाला आयुष्यभर साथ दिली. १८७६ मध्ये संस्थेत स्त्रियांसाठी स्वतंत्र प्रयोगशाळा सुरू झाली. एलन यांनी तेथे अनेक वर्षे विनावेतन शिकवले. स्त्रियांना नियमित वर्गांत प्रवेश मिळू लागल्यावर १८८३ मध्ये ती बंद झाली. दुसऱ्याच वर्षी स्वच्छता-रसायनशास्त्राच्या अध्यापिका म्हणून एलन यांची नियुक्ती झाली आणि अखेरपर्यंत त्या या पदावर राहिल्या. १८८७ पासून राज्यातील जलस्रोतांची जी व्यापक तपासणी झाली, तिच्या प्रयोगशाळेचा भार त्यांच्यावरच होता. नद्या, विहिरी आणि तलावांच्या पाण्याचे हजारो नमुने त्यांच्या देखरेखीखाली तपासले गेले.

पाणी तपासणाऱ्या या बाई स्वयंपाकघराकडे वळल्या, त्यामागे एक सूत्र होते. घरात येणारे पाणी, हवा आणि अन्न यांवर कुटुंबाचे आरोग्य अवलंबून असेल, तर घर सांभाळणाऱ्या स्त्रीला त्यांचे शास्त्र कळलेच पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. स्वयंपाक आणि स्वच्छता यांचे रसायनशास्त्र उलगडणारे त्यांचे पुस्तक १८८२ मध्येच निघाले होते. जानेवारी १८९० मध्ये मेरी हिन्मन एबल यांच्या साह्याने त्यांनी बॉस्टनमध्ये न्यू इंग्लंड किचन उघडले. कष्टकरी कुटुंबांना स्वस्त, पौष्टिक, तयार अन्न मिळावे आणि ते कसे शिजते हे त्यांना डोळ्यांनी पाहता यावे, ही त्यामागची कल्पना. गोमांसाचे सूप, वाटाण्याचे सूप, मक्याची पेज असे पदार्थ तेथे मोजूनमापून शिजत. आज घेतलेल्या आणि उद्या घेतलेल्या सूपचा कस सारखाच भरला पाहिजे, यावर एलन यांचा कटाक्ष असे.

१८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी रम्फर्ड किचन मांडले. तोफेला भोक पाडताना निर्माण होणाऱ्या उष्णतेवरील प्रयोगांमुळे काउंट रम्फर्ड हे नाव पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. त्याच रम्फर्डने बव्हेरियात गोरगरिबांना सूप पुरवण्याची व्यवस्था केली होती. प्रदर्शनातील या छोट्या घरात ३० सेंटमध्ये जेवण मिळे आणि ताटातल्या पदार्थांत प्रथिने, स्निग्ध व पिष्टमय पदार्थ किती, ऊर्जा किती, हे जेवणाच्या कार्डावर छापलेले असे. आज वेष्टनावरील पोषणमूल्यांचा तक्ता आपण सहज वाचतो. त्या काळी ही अपूर्वाई होती. या उपक्रमाच्या निमित्ताने निघालेली माहितीपत्रके १८९९ मध्ये पुस्तकरूपाने एकत्र आली.

शाळांच्या जेवणाचा प्रश्न १८९४ मध्ये पुढे आला. बॉस्टनच्या माध्यमिक शाळांत तोवर रखवालदारच मुलांना खाद्यपदार्थ विकत. त्यात पोषणाचा विचार क्वचितच असे. शाळांत मंजूर केलेलेच अन्न विकले जावे, असा निर्णय शालेय समितीने घेतला आणि पुरवठ्याचे काम न्यू इंग्लंड किचनकडे आले. रखवालदारांची हक्काची वरकमाई बुडाली. त्यांचा विरोध स्वाभाविकच होता. एलन यांनी तो पत्करला, पण माघार घेतली नाही. मध्यवर्ती स्वयंपाकघरात शिजलेले अन्न शाळाशाळांत पोहोचू लागले आणि माफक दरात मुलांच्या हाती पडू लागले. पुढे १९०७ मध्ये बॉस्टनमधील एका महिला संघटनेने हे काम आपल्याकडे घेतले.

या कर्तृत्वाची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. ज्या गरिबांसाठी न्यू इंग्लंड किचन निघाले, त्यांनी त्याकडे पाठच फिरवली. आयर्लंड, इटली, पूर्व युरोप येथून आलेल्या स्थलांतरितांना ते बेतशीर, बेचव सूप परके वाटले. परमुलखात आलेल्या माणसाला आपल्या चवीचा आधार किती मोठा असतो, हे प्रयोगशाळेतल्या तराजूला कळले नव्हते. शिवाय त्या काळचे पोषणशास्त्रही अपुरे होते. व्हिटॅमिन ही संज्ञाच १९१२ मध्ये, एलन यांच्या निधनानंतर, रूढ होऊ लागली. त्यामुळे पालेभाज्या आणि फळे यांचे मोल तेव्हाच्या तक्त्यांत कमीच भरे. अपयश ओळखण्याचा प्रांजळपणा मात्र एलन यांच्यापाशी होता. मोठ्यांच्या सवयी बदलणे कठीण, हे जाणून त्यांनी शाळा आणि शिक्षणाकडे अधिक लक्ष वळवले.

१८९९ मध्ये लेक प्लॅसिड येथे त्यांच्या अध्यक्षतेखाली एक परिषद भरली. अशा परिषदा दरवर्षी होत गेल्या आणि त्यांतूनच पुढे अमेरिकन होम इकॉनॉमिक्स असोसिएशन जन्माला आली. तिच्या पहिल्या अध्यक्षा अर्थातच एलन होत्या. विदर्भातील महाविद्यालयांत कला शाखेच्या असंख्य मुलींनी ज्या गृहअर्थशास्त्राचा अभ्यास केला, त्या विषयाचे नाव या चळवळीच्या नावाशीच जुळते.

१९१० मध्ये स्मिथ महाविद्यालयाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्यानंतर काही महिन्यांतच, ३० मार्च १९११ रोजी, बॉस्टनमधील राहत्या घरी वयाच्या ६८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अमेरिकेत शालेय भोजनाचा राष्ट्रीय कायदा होण्यास त्यानंतर पस्तीस वर्षे जावी लागली; तो १९४६ मध्ये झाला. शाळेतले जेवण आठवताना माणसे त्याची चव आठवतात, त्यातली प्रथिने नव्हेत. एलन यांच्या सूपच्या आठवणीने गहिवरणारे फारसे कोणी नसेलही. परंतु भुकेल्या मुलाच्या हातात काय पडते, याची जबाबदारी शाळेने घ्यायला हवी, हा विचार त्यांनी व्यवहारात उतरवून दाखवला. शाळेच्या घंटेनंतर जिथे जिथे मुलांच्या पंगती बसतात, तिथे तो विचार आजही जिवंत आहे.